गिलक्याच्या मांडवातला पंख

नंदुरबारात रमजान मन्सुरीच्या गादीच्या दुकानात शिरणारी बरीच माणसं गादी घ्यायला येतच नसत. ती मक्केच्या उमरा यात्रेचं तिकीट विचारायला येत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. दुकानाच्या शटरवर रमजानने स्वतःच्या हाताने जुनी विमानं रंगवली होती. एकावर एक पंखांची, तारांनी आवळून बांधलेली, शेपटीला छोटं चाक असलेली. शटर अर्धं वर असलं की फक्त चाकं आणि शेपट्या दिसत, आणि बाहेरगावच्या माणसाला वाटे, हे यात्रा कंपनीचं ऑफिस असणार.

"चाचा, जेद्दानं विमान कव्हय निघस?" असं कुणी विचारलं की दुसरा दुकानदार वैतागला असता. रमजान उलट खुलायचा. त्या माणसाला खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा आणि शटरवरचं विमान कोणत्या काळातलं, त्याचे पंख दुमजली का, मधल्या तारा कशासाठी, हे सगळं सविस्तर समजावून सांगायचा. पाहुणा चहा संपवून हळूच काढता पाय घ्यायचा. गिऱ्हाइकं पळवून लावायची ही रीत आपण दुसरीकडे कुठे पाहिली नाही, असं रमजानची बायको सकीना येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे.

हे वेड त्याला फार जुनं होतं. तरुणपणी बापाच्या हाताखाली कापूस पिंजत असताना रद्दीत आलेलं एक मासिक त्याच्या हाती लागलं. त्यात लिहिलं होतं की पहिली विमानं लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेली असत, आणि ज्या दोघा भावांनी पहिलं विमान उडवलं त्यांचं सायकलींचं दुकान होतं. पंखांचं कापड त्यांनी शिलाई मशीनवर शिवलं होतं. रमजान धुनकी खाली ठेवून बसूनच राहिला. म्हणजे विमानाला खोळ! गादीला असते तशी, मापाने बेतलेली, टाके घातलेली खोळ! आभाळात उडणारी ती बलाढ्य वस्तू एकदम त्याच्या बिरादरीतली झाली. त्या दिवसापासून जुन्या विमानांविषयी जे मिळेल ते तो वाचू लागला, पुढे मोबाइल आल्यावर पाहू लागला, आणि उरल्यासुरल्या रंगात रंगवू लागला. विमानात मात्र त्याने कधी पाय ठेवला नव्हता. गल्लीत त्याला 'पायलट' म्हणत, आणि तो ओ देत असे.

सकीनाच्या माहेरच्या एका लग्नासाठी दोघं एका मोठ्या शहरात गेली, तेव्हा रमजान तिला तिथलं विमानांचं संग्रहालय दाखवायला घेऊन गेला. दाखवायला म्हणजे काय, स्वतः बघायला. सकीनाने एक दालन पाहिलं आणि पाय दुखतात म्हणून ती बसली. रमजान फिरत राहिला आणि शेवटच्या दालनात एका ग्लायडरसमोर थबकला. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं, वाऱ्यावर तरंगणारं विमान. नवशिक्यांना उडायला शिकवायला पूर्वी वापरत तसलं हे लाकूड-कापडाचं ग्लायडर होतं. पण ते भिंतीला चिकटवून उभं केलं होतं, आणि थोडं वाकून पाहिल्यावर कारण कळलं. त्याला एकच पंख होता. डावी बाजू नुसती बोडकी.

रमजानला ते बघवेना. पहारेकऱ्याला विचारून विचारून तो थेट संग्रहालयाच्या वस्तूंची देखभाल करणाऱ्या बाईंपर्यंत पोचला. शीलाताई पाटील त्यांचं नाव. दुसरा पंख फार पूर्वी, ते ग्लायडर उडवणारा क्लब बंद पडला तेव्हाच भंगारात गेला, असं त्यांनी सांगितलं. "तुम्ही कुठले?" त्यांनी सहज विचारलं. नंदुरबार म्हटल्यावर त्या हसल्या. तापीकाठची बाई निघाली! मग एकदम बोली बदलली. "भाऊ, आम्हले भी ते बोडकं दखाई दुख व्हस. पन पंख आनवा कोठून?"

रमजानने त्यांचा फोन नंबर तेवढा मागून घेतला. घरी परतताना सकीनाने मात्र स्पष्ट सांगून टाकलं की परत कोणाचं लग्न असलं तर ती एकटी जाईल.

हे सगळं मागे पडलं असतं. पण नवापूरला एका पोल्ट्री फार्मवर कामगारांसाठी गाद्या पोचवायला रमजान टेम्पो घेऊन गेला. गाद्या उतरवून झाल्यावर हात धुवायला तो घरामागे गेला, आणि तिथेच, नळ सुरू ठेवून, तोंड उघडं टाकून उभा राहिला.

परसात गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, मांडव होता. वेल असा माजलेला की पानांतून उन्हाचा ठिपका खाली पडेना, आणि पानांखाली हिरवीगार गिलकी लोंबत होती. पण वेल ज्यावर चढला होता ते बांबू नव्हते. दोन लांब तुळया होत्या आणि त्यांना आडव्या जोडलेल्या, एकसारख्या अंतरावरच्या, पुढे गोल आणि मागे निमुळत्या होत गेलेल्या लाकडी फासळ्या होत्या. विमानाच्या पंखाशिवाय जगात दुसरी कोणतीही वस्तू त्या आकाराची नसते.

"काय रे भो, गिलका पायजेत का? तोडी ले ना," मागून आवाज आला. फार्मच्या मालकाची आई, सुगंधाबाई, ओट्यावरून बघत होती.

"माय, हाऊ मांडव कोठून आना?"

"मन्हा घरधनी भंगारवालापाईन लाकडासना ढीग लयना व्हता, त्यामा व्हता. भलता मजबूत शे. इतला वरीस व्हयनात, मोडना नही."

रमजानने तिथेच ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. विमान, पंख, भिंतीला चिकटलेलं ते बोडकं ग्लायडर. सुगंधाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. विमानाचा पंख आहे हे तिला पटलं की नाही देव जाणे, पण हा माणूस खोटं बोलत नाही एवढं तिला पटलं. "ली जाय," ती म्हणाली, "मन्हं काय जास? पन वेलले गिलका शेत तवलोंग मी कोनले हात लावू देवाव नही. फयता वेल उपटाना नसतस."

झालं! रमजान त्या वेलाच्या मरणाची वाट पाहू लागला, आणि वेल काही मरेना. दर थोड्या दिवसांनी तो नवापूरला खेप टाकायचा, आणि दर वेळी नवी फुलं पाहून त्याचा चेहरा उतरायचा. सुगंधाबाई मोकळ्या हाताने परत पाठवणाऱ्यातली नव्हती. पिशवी भरून गिलकी द्यायची. घरात गिलक्याची भाजी झाली, गिलक्याची भजी झाली, गिलक्याच्या सालींची चटणीसुद्धा झाली. शेवटी सकीनाने पिशवी ओट्यावर आपटली. "ओ नमिराना बाप, तुमना विमानले फक्त गिलकाच येतस का?" नमिरा, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, हसून हसून लोळायची बाकी राहिली.

शेवटी थंडीच्या तोंडाला वेल वाळला. रमजानने सुगंधाबाईला बांबूचा नवा मांडव घालून दिला आणि तिच्यासाठी एक गादी भरून नेली, मग तो सांगाडा सुटा केला. तोवर त्याने फोटो शीलाताईंना धाडलेच होते. फासळ्यांचा बाक, सांध्याच्या लोखंडी पट्ट्या, तुळयांचं माप, सगळं त्यांनी ताडून पाहिलं. एका दुपारी त्यांचा फोन आला. "रमजानभाऊ, हाऊच शे! डावा पंख शे!" रमजानने फोन हातातच धरून दुकानासमोर रस्त्यातच दोन्ही हात वर केले, आणि रिक्षावाला त्याला शिव्या देऊन बाजूने गेला.

पण सांगाडा खिळखिळा झाला होता. तसाच ट्रकमध्ये घातला असता तर वाटेतच चुरा झाला असता. म्हणून आधी लाकडाची डागडुजी नंदुरबारातच करायचं ठरलं. रमजानचा दोस्त भूपेश मिरचीचा व्यापारी. शहराबाहेर मिरची वाळवायच्या त्याच्या पथाऱ्या, आणि त्यांच्या कडेला एक गोदाम. त्याने गोदामाचा अर्धा भाग मोकळा करून दिला. संग्रहालयाचा सुतार आला, नाकाला फडकं बांधून, शिंकत शिंकत काम करून गेला. सांगाडा पुन्हा ताठ उभा राहिला. आता त्यावर कापड चढायचं होतं. ते एका दूरच्या वर्कशॉपला द्यायचं, असं संग्रहालयात चाललं होतं.

रमजानला तर नेमकं तेच काम हवं होतं. आयुष्यभर ज्या खोळीने त्याला झपाटलं होतं ती शिवण्याची संधी अशी दारात आलेली असताना दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायची? त्याने शीलाताईंना हात जोडले. "ताई, एवढी खोळ मले शिवू द्या. बाकी काहीच नको."

शीलाताईंनी सरळ नकार दिला नाही, पण होकारही दिला नाही. सुताराने जाताना त्याच मापाच्या फासळ्यांची एक लहान चौकट करून ठेवली होती. तिच्यावर कापड चढवा, शिवा, वरचा लेप लावा, मी येऊन बघते, असं त्या म्हणाल्या. लेप म्हणजे वार्निशसारखं एक पातळ द्रव्य. ते वाळताना कापड आवळत जातं आणि ढोलकीसारखं ताठ होतं. "जमलं तर पंख तुमचा. नाही जमलं तर मला सांगाडा न्यावा लागेल, मग रागवायचं नाही."

रमजानने जीव ओतला. पंखाच्या कापडाचे टाके असे असतात की सुई वरून शिरते, फासळीला वळसा घालते आणि खालून निघते. गादीचा टाका अगदी तोच! लांब दाभण, आरपार टाका, गाठ. त्याला तर हे मायबोलीसारखं होतं. एकेक टाका त्याने अशा ताकदीने ओढून बसवला की कापडावर सुरेख खळ्या पडल्या. नंदुरबारात अशा खळ्यांची गादी दुसरा कुणी करून दाखवत नसे.

शीलाताई आल्या. आत पाऊल टाकताच मिरचीच्या खकाण्याने त्यांना शिंकांची उबळ आली. डोळे पुसत त्या चौकटीजवळ गेल्या आणि खळ्यांवरून बोट फिरवू लागल्या. लेप तेव्हा वाळत आला होता. त्या काही बोलणार एवढ्यात आतून 'कट' असा आवाज झाला. एक फासळी मोडली होती.

रमजानने झटकन चौकट दोन्ही हातांनी धरली.

"भाऊ, गादीत टाका कापसाला दाबतो," शीलाताई हळू आवाजात म्हणाल्या, "इथे त्याने कापडाला नुसतं धरून ठेवायचं. तुम्ही ओढलंत, वरून लेपानेही ओढलं. ही चौकट होती म्हणून निभावलं. खऱ्या पंखाची फासळी असती तर?" संक्रांतीनंतर येऊन सांगाडा घेऊन जाते, असं सांगून त्या गेल्या. जाताना त्यांचाही चेहरा पडला होता.

त्यानंतर रमजानने कितीतरी वेळा प्रयत्न केला. मोडकी फासळी बदलून पुन्हा कापड चढवलं, पुन्हा शिवलं. मनाशी घोकायचा की ओढायचं नाही, ओढायचं नाही, आणि दोन टाके नीट पडले की तिसऱ्याला हात आपोआप मागे जायचा. आयुष्यभर जे केलं तेच हात करणार. ज्या हाताच्या जोरावर घर उभं केलं तोच आता वैरी झाला, या विचाराने त्याला रडू कोसळलं. दाभण टाकून तो गोदामाच्या पायरीवर बसला. समोर पथाऱ्यांवर लालभडक मिरची ऊन खात पडली होती, आणि सकीना त्याचा डबा घेऊन पथाऱ्यांच्या मधल्या वाटेने येत होती.

तिने डबा ठेवला, आत जाऊन चौकट पाहिली, उसवलेले टाके पाहिले. सकीना रजया शिवायची. गादी त्याची, रजई तिची, असा संसारात कायमचा वाटा होता. एका कापडावर दोघांनी कधी काम केलं नव्हतं. रजईचा टाका गादीच्या अगदी उलट. धरला पाहिजे, पण आवळला की रजई चोळामोळा होते आणि ऊब जाते.

"तुमना हात गादीना शे, तो थांबाव नही," ती बाहेर येऊन म्हणाली. "चौकट उभी करा. तुम्ही अलांगे बठा, मी पलांगे बठस. सुई तुम्ही टोचा, दोरा मी वढसू."

"तुले हाई विमाननं काम..."

"विमाननं नही, कापडनं शे. उठा."

चौकट आडव्या कडेवर उभी केली. मध्ये कापड, अलीकडे तो, पलीकडे ती. त्याने सुई टोचली की ती पलीकडे निघायची, सकीना दोरा घ्यायची, फासळीला वळसा देऊन सुई परत पाठवायची. त्याचा हात ओढायला गेला की ती पलीकडून कापडावर टिचकी मारायची. टक्. तो थांबायचा. पहिल्या दिवशी टिचक्याच टिचक्या. मग कमी झाल्या. मग त्याला नुसत्या दोऱ्यातून तिचा हात कळायला लागला, तो किती सैल आहे, कुठे थांबतो आहे. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच की काय, बोलणं सुरू झालं. रमजान विमानांचं सांगू लागला, आणि सकीनाला सुई सोडून उठता येत नसल्याने ऐकावं लागलं.

"हाई ग्लायडर उडावे कोन?" एकदा पलीकडून प्रश्न आला.

रमजान दचकलाच. इतक्या वर्षांत तिने विमानाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न. "शिकाऊ पोऱ्हे. आन् पोरी भी. एकटं बसाडीन सोडी देत."

"एकटं?" नुकत्याच घातलेल्या टाक्यावरून पलीकडून बोट फिरलं. "मंग टाका नीट पडाले पायजेत."

संक्रांतीनंतर शीलाताई आल्या त्या ट्रकची व्यवस्था करूनच. रमजानने त्यांना आधी चौकटीकडे नेलं. त्यांनी शिंका आवरल्या, तळव्याने कापड दाबलं, टिचकी मारली, उजेडाकडे धरून पाहिलं. कापड ताठ होतं, टाके सरळ रेषेत होते आणि कुठेही खळी नव्हती. लेप कधीचा वाळला होता आणि एकही फासळी कुरकुरली नव्हती. शीलाताईंनी पुन्हा एकदा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. सकीना दाराशी ओढणीचं टोक चावत उभी होती.

"हे कोणी शिवलं?"

"आम्ही दोन्हीसनी," रमजान म्हणाला.

"मग पंखबी दोन्ही जन शिवा," शीलाताई म्हणाल्या. "ट्रक रिकामा जाऊ दे."

रमजानने सकीनाकडे पाहिलं आणि भूपेशच्या कामगारांसमोर, गोदामात, तिचे दोन्ही हात धरले. ती लाजेने लाल झाली, हात सोडवून घेतले आणि कुठून सुरुवात करायची ते विचारू लागली.

पंख शिवून, लेप चढवून पुरा झाला तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. सगळ्या पथाऱ्या मिरचीने झाकलेल्या. ट्रक गोदामापर्यंत आणायचा तर कोणाचा तरी माल चिरडला जाणार. तेव्हा पंख हातांवर उचलून मधल्या वाटेने रस्त्यापर्यंत न्यायचा ठरला. गल्लीतले गादीवाले आले, भूपेशचे हमाल आले, मिरची पसरणाऱ्या बायकाही पदर खोचून पुढे आल्या. सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी हात लावले. टोकाला सकीना, मध्ये रमजान. शीलाताई पुढे उलट्या पावलांनी चालत सूचना देत होत्या.

सकाळची वेळ. वाटेला आडवा वारा सुटला होता, मोकळ्या रानावरून येणारा, बिनअडथळ्याचा. पंख डोक्याच्या वर, गोल कड वाऱ्याकडे, निमुळती कड दुसऱ्या बाजूला. पथाऱ्यांच्या मधोमध आले आणि वाऱ्याचा एक मोठा झोत आला.

हातांवरचं वजन गेलं.

रमजानला आधी वाटलं, बाकीच्यांनी जास्त उचललं. मग त्याच्या तळव्यांना कापड वर जाताना जाणवलं. त्याने बोटं घट्ट केली. सगळ्यांचे हात एकदम वर ओढले जात होते आणि हमालांच्या टाचा जमिनीवरून सुटत होत्या. कोणीतरी घाबरून ओरडलं, "भो, हाऊ आपलाच आपला उचलाई ऱ्हायना!"

"गोल कड खाली! खाली दाबा!" शीलाताई ओरडत होत्या, आणि ओरडता ओरडता हसत होत्या.

"धरा रे धरा!" टोकाकडून सकीनाचा आवाज आला. ती चवड्यांवर उभी राहून दोन्ही हातांनी पंखाला लोंबकळत होती, डोक्यावरची ओढणी उडून मागे फडफडत होती. "उडी चालना! नमिराना बाप, हाऊ खरंच उडी चालना!"

बायका किंचाळत होत्या, हमाल हसत होते, भूपेश मिरची वाचवायला इकडून तिकडे धावत होता. रमजान पंखाखाली उभा होता, वर ओढल्या जाणाऱ्या दोन्ही हातांनी, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विमानात तो कधी बसला नव्हता. पण त्याने आणि सकीनाने शिवलेलं कापड नंदुरबारच्या वाऱ्यावर इतक्या माणसांना वर ओढत होतं, आणि ते किती जोराने ओढतं ते त्याच्या तळहातांना कळत होतं. त्याने मान मागे टाकली आणि मोठ्याने, पोट धरून हसतात तसा, हसत सुटला.

झोत ओसरला. पंख पुन्हा हातांवर बसला, कुठे साधी सुरकुतीही न पडता. सगळे दम खात, एकमेकांना टाळ्या देत पुढे निघाले.

ट्रकवर पंख दोरांनी बांधून झाल्यावर सकीना ओढणी सावरत, धापा टाकत त्याच्याजवळ आली. तिचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने तापला होता.

"शीलाताईले इचारा," ती म्हणाली, "उजवा पंखनी खोळ जुनी व्हई गयी व्हई. ती कोन शिवस?"